मध्यस्थ लोकनेता : गोपीनाथ मुंडे यांच्या राजकीय कारकिर्दीची चिकित्सा

सारांश :
स्वातंत्र्योत्तर मराठवाड्याच्या राजकारणात गोपीनाथ मुंडे (१९४९–२०१४) यांचे स्थान महत्त्वाचे आहे. त्यांच्याविषयीचे बहुतांश लेखन गौरवपर असून त्यात त्यांच्या कारकिर्दीची चिकित्सा अभावानेच आढळते. प्रस्तुत लेखात मुंडे यांच्या नेतृत्वाचे सामाजिक अधिष्ठान, सत्ताकाळातील कार्य आणि ऊसतोड कामगारांच्या प्रश्नातील त्यांची भूमिका या तीन अंगांनी त्यांच्या राजकारणाचे मूल्यमापन केले आहे. मुंडे यांनी उपेक्षित समूहांना राजकीय दृश्यता मिळवून दिली. परंतु ही दृश्यता कायदा व संस्था यांच्या रूपात स्थिर झाली नाही, ती नेत्याच्या व्यक्तित्वावर अवलंबून राहिली, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : लोकनेता, ऊसतोड कामगार, लवाद, इतर मागासवर्ग, मराठवाडा, प्रादेशिक नेतृत्व.

प्रस्तावना :
बीड जिल्ह्याची ओळख ऊसतोड कामगारांचा जिल्हा अशी झालेली आहे. केज तालुक्यातील युसूफ वडगावच्या परिसरातून, धारूर-वडवणीच्या डोंगरपट्ट्यातून आणि पाटोदा-शिरूरच्या माळरानावरून दसरा-दिवाळीच्या सुमारास मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात आणि गळीत हंगाम आटोपल्यावर उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. याच केज तालुक्यात धनेगावला मांजरा नदीवर धरण आहे. धरणाच्या पाण्यावर ऊस पिकविणारा शेतकरी आणि परमुलखात जाऊन दुसऱ्याचा ऊस तोडणारा मजूर एकाच तालुक्यात नांदतात. या विसंगतीचे राजकीय प्रतिनिधित्व ज्या नेत्याने सर्वाधिक काळ केले, तो नेता म्हणजे गोपीनाथ पांडुरंग मुंडे होय.

मुंडे यांच्या निधनाला दशकाहून अधिक काळ लोटला आहे. या काळात त्यांच्यावर विपुल लेखन झाले. स्मरणिका, विशेषांक, पुण्यतिथीनिमित्तचे लेख आणि भाषणे यांतून त्यांची एक ठरीव प्रतिमा तयार झाली आहे. या प्रतिमेचे तीन घटक सांगता येतात. पहिला घटक म्हणजे सामान्य शेतकरी कुटुंबातून वर आलेला बहुजनांचा चेहरा. दुसरा, सत्तेला नमविणारा संघर्षशील विरोधक. आणि तिसरा, कष्टकऱ्यांचा कैवारी. हे तीनही घटक निराधार नाहीत. परंतु गौरवपर लेखनात ते निष्कर्ष म्हणून येतात, प्रश्न म्हणून येत नाहीत. विद्यापीठीय चिकित्सेचे काम नेमके येथे सुरू होते. नेत्याविषयीचा आदर कायम ठेवूनही त्याच्या कार्याचे फलित तपासता येते, किंबहुना ते तपासणे हाच आदराचा अधिक जबाबदार मार्ग आहे. या भूमिकेतून पुढील विवेचन केले आहे.

जडणघडण आणि पूर्वपरंपरा :
गोपीनाथ मुंडे यांचा जन्म १२ डिसेंबर १९४९ रोजी परळी तालुक्यातील नाथ्रा या गावी वंजारी समाजातील शेतकरी कुटुंबात झाला. महाविद्यालयीन शिक्षणासाठी ते अंबाजोगाईस आले. तेथे प्रमोद महाजन यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला आणि या स्नेहातूनच ते अखिल भारतीय विद्यार्थी परिषद व पुढे जनसंघाच्या प्रवाहात आले. आणीबाणीत त्यांना कारावास भोगावा लागला. १९८० मध्ये भारतीय जनता पक्षाची स्थापना झाली आणि त्याच वर्षी ते रेणापूर मतदारसंघातून विधानसभेवर निवडून गेले. १९८५ मध्ये त्यांचा पराभव झाला. मात्र १९९० पासून २००४ पर्यंतच्या चारही निवडणुका त्यांनी याच मतदारसंघातून जिंकल्या. २००९ व २०१४ मध्ये ते बीडमधून लोकसभेवर निवडून आले.

या चरित्रक्रमाकडे पाहताना एक गोष्ट सहसा नजरेआड होते. मुंडे यांच्यापूर्वीही बीडच्या मतदारांनी प्रस्थापित सत्तेच्या विरोधात कौल दिलेला होता. १९६७ मध्ये साताऱ्याच्या प्रतिसरकारचे नेते क्रांतिसिंह नाना पाटील हे भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे उमेदवार म्हणून बीडमधून लोकसभेवर गेले. १९७७ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे विजयी झाले, तर १९८९ मध्ये जनता दलाचे बबनराव ढाकणे निवडून आले. दुष्काळ, स्थलांतर आणि जमिनीची अनुत्पादकता यांनी गांजलेल्या या प्रदेशात असंतोषाच्या राजकारणाला आधीपासूनच भूमी तयार होती. मुंडे यांनी हा असंतोष निर्माण केला नाही. त्यांनी त्याला नवी भाषा दिली. पूर्वीची भाषा वर्गाची होती, मुंडे यांची भाषा समाजाच्या अस्मितेची व प्रतिनिधित्वाची होती. हा बदल त्यांच्या संपूर्ण कारकिर्दीच्या आकलनासाठी निर्णायक ठरतो, कारण पुढे त्यांच्या यशाचे आणि मर्यादांचे मूळ याच बदलात सापडते.

बहुजन चेहरा आणि पक्षाची चौकट :
१९८० च्या दशकात महाराष्ट्रातील भारतीय जनता पक्षाची ओळख शहरी व उच्चवर्णीयांचा पक्ष अशी होती. ही ओळख पुसण्यासाठी वसंतराव भागवत यांनी माळी, धनगर आणि वंजारी या समाजांना पक्षाशी जोडण्याचे धोरण आखले. या तीन समाजांच्या आद्याक्षरांवरून ते 'माधव' सूत्र म्हणून ओळखले जाते. ना. स. फरांदे, अण्णा डांगे आणि गोपीनाथ मुंडे ही या सूत्राची तीन प्रमुख नावे होत. यांपैकी मुंडे यांनाच राज्यव्यापी जनाधार लाभला. मराठा नेतृत्वाचे वर्चस्व असलेल्या ग्रामीण महाराष्ट्रात सहकारी संस्थांचे जाळे हाती नसतानाही लाखोंच्या सभा घेऊ शकणारा नेता म्हणून त्यांचा उदय झाला.

येथे दोन निरीक्षणे नोंदविणे आवश्यक आहे. पहिले असे की, मुंडे यांची बहुजनवादी भूमिका केवळ निवडणुकीपुरती नव्हती. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या प्रश्नावर, म्हणजे ज्या प्रश्नाने १९७८ मध्ये मराठवाड्यातील गावेच्या गावे होरपळली, त्या प्रश्नावर त्यांनी नामांतराच्या बाजूने भूमिका घेतली. सवर्ण मतदारांची नाराजी पत्करण्याची तयारी असल्याशिवाय त्या काळी या प्रदेशात अशी भूमिका घेणे सोपे नव्हते. तसेच २०१० मध्ये लोकसभेत इतर मागासवर्गीयांची जातनिहाय गणना व्हावी, ही मागणी त्यांनी आग्रहाने मांडली. त्या वेळी त्यांच्या पक्षातही या मागणीविषयी एकवाक्यता नव्हती. पुढे २०२५ मध्ये केंद्र सरकारने आगामी जनगणनेत जातनिहाय नोंदी घेण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा मुंडे यांच्या त्या भाषणांचे स्मरण होणे स्वाभाविक होते.

दुसरे निरीक्षण असे की, पक्षाने त्यांचा चेहरा स्वीकारला तरी निर्णयप्रक्रियेतील त्यांचे स्थान सतत अनिश्चित राहिले. प्रमोद महाजन हयात असेपर्यंत दिल्लीतील दुवा भक्कम होता. मे २००६ मध्ये महाजन यांचे निधन झाले आणि त्यानंतर ही अनिश्चितता उघड झाली. एप्रिल २००८ मध्ये मुंबई अध्यक्षाच्या नियुक्तीवरून मुंडे यांनी पक्षातील पदांचा राजीनामा दिला व नंतर तो मागे घेतला. या घटनेकडे गौरवपर लेखन 'स्वाभिमान' म्हणून पाहते, तर टीकाकार 'नाराजीनाट्य' म्हणून. दोन्ही अर्थ अपुरे आहेत. ज्या नेत्याचा जनाधार पक्षाबाहेरच्या समाजात आहे आणि ज्याचे पद मात्र पक्षाच्या मर्जीवर आहे, त्याला आपले वजन वेळोवेळी मोजून दाखवावे लागते. ही अडचण एकट्या मुंडे यांची नव्हती. संख्येने मोठ्या, परंतु संस्थात्मक सत्तेपासून दूर राहिलेल्या समाजांच्या प्रतिनिधित्वाची ती सर्वसाधारण अडचण आहे.

विरोधक आणि सत्ताधारी :
मुंडे यांच्या कारकिर्दीतील सर्वांत तेजस्वी काळ १९९१ ते १९९५ हा होय. शिवसेनेतील फुटीनंतर विधानसभेतील विरोधी पक्षनेतेपद भारतीय जनता पक्षाकडे आले आणि मुंडे यांनी ते पद खऱ्या अर्थाने राज्यव्यापी केले. राजकारणाचे गुन्हेगारीकरण, सत्ताधाऱ्यांचे हितसंबंध आणि दाभोळ वीजप्रकल्पाचा करार हे विषय त्यांनी संघर्ष यात्रेतून गावागावांत नेले. १९९५ च्या निवडणुकीत काँग्रेसला ८० जागांवर समाधान मानावे लागले. शिवसेनेला ७३ व भारतीय जनता पक्षाला ६५ जागा मिळाल्या आणि अपक्षांच्या पाठिंब्यावर युतीचे सरकार आले. मुंडे उपमुख्यमंत्री व गृहमंत्री झाले. या सत्तांतराचे श्रेय अनेक घटकांना द्यावे लागेल. तथापि विरोधी पक्षनेता या नात्याने मुंडे यांचा त्यातील वाटा निर्विवाद आहे.

सत्ताकाळाचे मूल्यमापन मात्र इतके सरळ नाही. दाभोळ प्रकल्पाच्या फेरविचारासाठी मुंडे यांच्याच अध्यक्षतेखाली मंत्रिमंडळाची उपसमिती नेमण्यात आली. तिच्या अहवालानंतर ऑगस्ट १९९५ मध्ये करार रद्द झाला. परंतु काही महिन्यांतच फेरवाटाघाटी होऊन १९९६ मध्ये प्रकल्प पुन्हा मार्गी लागला. पुढे या प्रकल्पाच्या महागड्या विजेने राज्य वीज मंडळाचे आर्थिक कंबरडे मोडले, हा इतिहास सर्वज्ञात आहे. विरोधात असताना घेतलेली भूमिका आणि सत्तेत आल्यावर केलेली तडजोड यांतील हे अंतर गौरवपर लेखनात सहसा येत नाही.

त्याहून गंभीर बाब ११ जुलै १९९७ ची. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुतळ्याची विटंबना झाल्यानंतर जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात दहा जणांचा मृत्यू झाला. त्या वेळी गृहखाते मुंडे यांच्याकडे होते. गोळीबाराचा आदेश मंत्री देत नाही, हे मान्य केले तरी राजकीय जबाबदारीचा प्रश्न उरतोच. नामांतराच्या बाजूने उभ्या राहिलेल्या नेत्याच्या कारकिर्दीत हे घडावे आणि त्यावर त्याच्या समर्थकांनी मौन बाळगावे, ही विसंगती त्यांच्या चरित्रकाराला ओलांडून जाता येणार नाही. एका व्यक्तीच्या पुरोगामी भूमिकेने राज्ययंत्रणेचा स्वभाव बदलत नाही, हाच या प्रसंगाचा बोध आहे.

निवडणूक खर्चासंबंधीचे प्रकरणही येथे नमूद करावे लागेल. २००९ च्या लोकसभा निवडणुकीत आपण ८ कोटी रुपये खर्च केल्याचे मुंडे यांनी जून २०१३ मध्ये एका जाहीर कार्यक्रमात सांगितले. त्या निवडणुकीत खर्चाची कायदेशीर मर्यादा २५ लाख रुपये होती. निवडणूक आयोगाने त्यांना नोटीस बजावली. अनेकांनी या विधानाचे वर्णन 'प्रांजळपणा' असे केले. तथापि ज्या मतदारसंघात हजारो कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन वर्ष काढतात, त्या मतदारसंघात निवडणुकीची किंमत कोट्यवधींत मोजली जाते, याचा अर्थ प्रांजळपणाच्या कौतुकात हरवू देणे योग्य नाही.

ऊसतोड कामगार आणि लवादाचे राजकारण :
मुंडे यांच्या नेतृत्वाची खरी कसोटी ऊसतोड कामगारांच्या प्रश्नावर लागते. या व्यवसायाची रचना थोडक्यात अशी आहे. कारखाना मजुराशी थेट करार करीत नाही. तो मुकादमाशी करार करतो. मुकादम हंगामापूर्वी मजुरांना उचल देतो. पती-पत्नीची जोडी मिळून एक 'कोयता' धरला जातो आणि मजुरी टनावर ठरते. फडात पहाटेपासून तोड, मोळ्या बांधणे, वाहनात भरणे, ही कामे दोघांनी करावयाची असतात. आजारपणाने वा बाळंतपणाने काम बुडाले तर त्या खाड्याची रक्कम मजुरीतून कापली जाते. हंगाम संपला तरी उचल फिटली नाही तर ती पुढील वर्षाच्या नावे राहते. या साखळीत कारखाना हा मालक असूनही कायद्याच्या दृष्टीने मालक ठरत नाही आणि मजूर हा कामगार असूनही कामगार ठरत नाही. भविष्यनिर्वाह निधी, विमा, प्रसूती रजा यांपैकी कशावरही त्याचा सहज हक्क पोहोचत नाही.

मुंडे यांनी या मजुरांचे संघटन केले, 'कोयता बंद' ची हाक देऊन कारखानदारांना वाटाघाटीस बसविले आणि मजुरीच्या दरात वाढ मिळवून दिली. कामगारांच्या वतीने गोपीनाथ मुंडे आणि साखर संघाच्या वतीने शरद पवार यांनी बसून दर ठरवावयाचे, अशी लवादाची पद्धत रूढ झाली. राजकारणात परस्परांचे कट्टर विरोधक असलेले दोन नेते या एका प्रश्नावर एकत्र बसत, हे दृश्य महाराष्ट्राच्या राजकीय संस्कृतीचे वैशिष्ट्य म्हणून गौरविले गेले. या लवादाचे महत्त्व नाकारता येत नाही. ज्या मजुराला कारखान्याच्या कार्यालयाची पायरी चढता येत नव्हती, त्याच्या मजुरीचा दर राज्यपातळीवर चर्चिला जाऊ लागला. 'आपला माणूस तिथे बसला आहे' ही भावना त्याच्यासाठी लहान गोष्ट नव्हती. मुंडे यांच्या सभांना होणाऱ्या गर्दीचे रहस्य भाषणाच्या फर्डेपणापेक्षा या भावनेत अधिक आहे.

परंतु लवादाची पद्धत स्वतःच्या मर्यादा सोबत घेऊन येते. लवाद दर ठरवितो, दर्जा ठरवीत नाही. मजुरी किती टक्क्यांनी वाढावी, यावर बैठक होते. मजूर कोणाचा कामगार आहे, हा प्रश्न बैठकीत येत नाही. दराबरोबर मुकादमाचे कमिशनही वाढते. म्हणजे वाढीच्या प्रत्येक करारागणिक मुकादमी अधिक घट्ट होते. मुंडे यांच्या पश्चातही ही चौकट तशीच राहिली. २०२० मध्ये सरासरी १४ टक्के आणि जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के दरवाढ झाली. २०२४ च्या या वाढीबरोबर मुकादमांचे कमिशनही १ टक्क्याने वाढले. दर बदलला, संबंध बदलला नाही.

या अपुरेपणाची किंमत कोणी मोजली, हे २०१९ मध्ये उघड झाले. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांच्या प्रश्नावर राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सर्वेक्षणात समाविष्ट ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ महिलांची गर्भाशये काढून टाकण्यात आल्याचे आढळून आले. खाडा परवडत नाही, फडावर स्वच्छतागृह नाही, पाणी नाही, दुखणे अंगावर काढावयाचे आणि शेवटी शस्त्रक्रियेचा सल्ला मुकाट्याने मान्य करावयाचा, अशी ही वाट होती. दशकानुदशके झालेल्या दराच्या वाटाघाटींत स्त्रीचे शरीर हा विषयच नव्हता. कोयत्याचा अर्धा भाग असलेली स्त्री वाटाघाटीच्या टेबलावर कधी दिसली नाही.

यासंदर्भात दुसरा एक प्रश्न अपरिहार्य आहे. परळीजवळ पांगरी येथील वैद्यनाथ सहकारी साखर कारखाना मुंडे यांच्याच नेतृत्वाखाली उभा राहिला. मागास भागात कारखाना उभारणे हे निश्चितच धाडसाचे काम होते. परंतु त्यामुळे कामगारांचा प्रतिनिधी हाच कारखानदारही झाला. टेबलाच्या दोन्ही बाजूंना एकाच व्यक्तीचे हितसंबंध असताना लवादाचे स्वरूप काय राहते, हा प्रश्न व्यक्तीच्या प्रामाणिकपणाचा नाही. तो पद्धतीचा आहे. लवादाची पद्धत या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही, कारण ती विश्वासावर उभी असते. कायदा विश्वासावर उभा नसतो, म्हणून तो टिकतो.

तुलनात्मक विचार :
येथे एक आक्षेप घेतला जाईल. मुंडे यांच्या हाती सत्ता फार थोडा काळ होती. सहकारातील साखर हितसंबंध अत्यंत बलाढ्य होते. अशा स्थितीत लवादापलीकडे काय शक्य होते? हा आक्षेप अंशतः रास्त आहे. १९९९ ते २०१४ या काळात ते राज्यात विरोधी पक्षात होते. तरीही महाराष्ट्रातच याहून वेगळा मार्ग चोखाळला गेल्याचे उदाहरण उपलब्ध आहे. मुंबईच्या गोदीत व बाजारपेठांत ओझी वाहणाऱ्या माथाडींची स्थितीही अशीच होती. मालक निश्चित नाही, टोळीवाला मध्यस्थ, काम असेल तेव्हा मजुरी. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या चळवळीतून १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठीचा कायदा झाला. या कायद्याने मंडळे स्थापन झाली, मजुरी मंडळामार्फत मिळू लागली, कामगाराची नोंद झाली. १९८२ मध्ये अण्णासाहेब पाटील यांचे निधन झाले, परंतु कायदा उरला. ऊसतोड कामगारांसाठी असा स्वतंत्र कायदा १९९५ ते १९९९ या साडेचार वर्षांत, मुंडे उपमुख्यमंत्री असतानाही, होऊ शकला नाही.

एखाद्या मागास प्रदेशाचा लोकनेता आणि त्याच्या पश्चात राहणारा वारसा यांचा विचार करताना अमेरिकेतील लुईझियाना राज्याच्या ह्यूई लाँग यांचे उदाहरणही उद्‌बोधक ठरते. १९२८ ते १९३२ या काळात गव्हर्नर आणि नंतर सिनेटर राहिलेल्या लाँग यांनी गरीब ग्रामीण जनतेच्या बळावर प्रस्थापितांना आव्हान दिले. रस्ते व पूल बांधले, शाळकरी मुलांना मोफत पाठ्यपुस्तके दिली. त्याच वेळी सर्व सत्ता त्यांनी स्वतःच्या हाती एकवटली आणि त्यांच्यावर हुकूमशाही वृत्तीचा आरोप झाला. सप्टेंबर १९३५ मध्ये त्यांची हत्या झाली. पुढे बंधू अर्ल गव्हर्नर झाले आणि पुत्र रसेल यांनी १९४८ पासून १९८७ पर्यंत सिनेटमध्ये प्रतिनिधित्व केले. लोकनेत्याचे घराणे होणे ही केवळ भारतीय घटना नाही, हे यावरून दिसते. मात्र लाँग यांच्याविषयीचे अमेरिकी लेखन भक्ती आणि निंदा या दोन्हींच्या पलीकडे गेले. टी. हॅरी विल्यम्स यांनी १९६९ मध्ये त्यांचे साधार चरित्र सिद्ध केले. मुंडे यांच्याविषयी मराठीत अशा जातीच्या चरित्राची उणीव आहे आणि ती भरून काढण्याची जबाबदारी प्रामुख्याने मराठवाड्यातील अभ्यासकांवर येते.

वारसा आणि वर्तमान :
२६ मे २०१४ रोजी मुंडे यांनी केंद्रीय मंत्री म्हणून शपथ घेतली. त्यांच्याकडे ग्रामविकास खाते आले. ग्रामीण श्रमिकांसाठी आयुष्यभर बोलणाऱ्या नेत्याकडे प्रथमच असे खाते आले होते की ज्यातून त्यांचे प्रश्न राष्ट्रीय पातळीवर हाताळता आले असते. अवघ्या आठ दिवसांनी, ३ जून रोजी, दिल्लीत वाहन अपघातात त्यांचा मृत्यू झाला. परळी येथील अंत्यसंस्काराला लोटलेला जनसागर आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये झालेल्या पोटनिवडणुकीत प्रीतम मुंडे यांना मिळालेले सुमारे ६ लाख ९६ हजारांचे मताधिक्य, हे लोकांच्या शोकाचे मोजमाप होते.

शोकातून मिळालेली मते आणि राजकीय वारसा या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे पुढील दशकाने दाखविले. घराण्यातील फूट मुंडे यांच्या हयातीतच झाली होती. २०१९ मध्ये परळीत पंकजा मुंडे यांचा चुलतबंधू धनंजय मुंडे यांच्याकडून पराभव झाला. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मराठा व इतर मागासवर्गीय आरक्षणाच्या वादाच्या पार्श्वभूमीवर बजरंग सोनवणे यांनी पंकजा मुंडे यांचा ६,५५३ मतांनी पराभव केला. मुंडे यांनी २०१४ मध्ये राजू शेट्टी, महादेव जानकर व रामदास आठवले यांना एकत्र आणून जी महायुती बांधली होती, तिच्यामागील सामाजिक बेरजेचे सूत्र त्यांच्याच जिल्ह्यात विस्कटले. बेरीज नेत्याच्या व्यक्तिगत संबंधांवर होती. ते संबंध वारशाने देता येत नव्हते.

त्यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन झाले आणि गाळप होणाऱ्या उसावर प्रतिटन १० रुपये कारखान्यांकडून घेण्याचे ठरले. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावे शासकीय वसतिगृह योजना २०२१ मध्ये सुरू झाली. ज्या रेल्वेमार्गासाठी त्यांनी दीर्घकाळ पाठपुरावा केला, त्या २६१ किलोमीटरच्या अहिल्यानगर–बीड–परळी मार्गावर सप्टेंबर २०२५ मध्ये बीडपर्यंत गाडी धावू लागली. या घटना महत्त्वाच्या आहेत, कारण त्यांत प्रथमच व्यक्तीऐवजी व्यवस्था दिसते. महामंडळाचे यश मात्र नावावर अवलंबून नाही. मजुराची नोंद, ओळखपत्र, विमा आणि मुलांचे शिक्षण या चार कसोट्यांवर ते तपासावे लागेल.

समारोप :
गोपीनाथ मुंडे यांनी महाराष्ट्राच्या राजकारणात दुर्लक्षित राहिलेल्या समूहांना आवाज दिला, मराठवाड्याला राज्यपातळीवरचे नेतृत्व दिले आणि आपल्या पक्षाला ग्रामीण बहुजन समाजाशी जोडले. हे त्यांचे कार्य इतिहासात नोंदले जाईल. तथापि हे नेतृत्व मूलतः मध्यस्थाचे होते. पक्ष आणि बहुजन समाज, कारखानदार आणि मजूर, दिल्ली आणि परळी यांच्यामध्ये ते उभे राहिले. मध्यस्थ असेपर्यंत दोन्ही बाजूंचा संवाद चालतो. तो गेल्यावर दुबळ्या बाजूच्या हाती काय उरते, यावर त्याच्या कार्याचे अंतिम मोल ठरते. ऊसतोड मजुराच्या हाती वाढलेला दर उरला, हक्काचा कागद उरला नाही.

हा निष्कर्ष मुंडे यांच्यापुरता मर्यादित ठेवणे अन्यायाचे होईल. लवादाच्या टेबलाची दुसरी बाजू, म्हणजे सहकारी साखर कारखानदारी व तिचे राज्यकर्ते नेतृत्व, या अपयशात अधिक वाटेकरी आहे. प्रस्थापितांना जी रचना सोयीची होती, तिच्यातच आव्हान देणाऱ्याला सामावून घेतले गेले, असेही म्हणता येईल. गौरवपर लेखन या रचनेला स्पर्श करीत नाही, म्हणून ते नेत्यालाही न्याय देत नाही आणि त्याच्या अनुयायांनाही नाही. केज, धारूर, वडवणी, पाटोदा या तालुक्यांतील महाविद्यालयांत दिवाळीनंतर ज्यांच्या जागा रिकाम्या दिसतात, त्या विद्यार्थ्यांना गोपीनाथ मुंडे यांची जयंती-पुण्यतिथी ठाऊक आहे. त्यांच्या आईवडिलांची मजुरी कोणत्या बैठकीत, कोणत्या सूत्राने ठरते, हेही त्यांना ठाऊक झाले, तर लोकनेत्याच्या कार्याचे उरलेले काम कोठून सुरू करावयाचे, हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.